माल तुमचा, जोखीमही तुमचीच

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर चढले आणि जवळपास आठवडाभर रस्ता बंद राहिला. दोन्ही बाजूंना हजारो ट्रक खोळंबले. जुलै २०२१ मध्ये तोच महामार्ग त्याच ठिकाणी पुन्हा पाण्याखाली गेला. दोन्ही वेळा चर्चा झाली ती महामार्गाच्या उंचीची, अलमट्टीच्या विसर्गाची, अडकलेल्या चालकांच्या जेवणाची. त्या ट्रकमधला माल कोणाचा होता आणि तो सडला, भिजला तर पैसे कोण देणार, हे विचारावेसे फारसे कोणाला वाटले नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात तयार असते: ट्रान्सपोर्टवाला देईल, आणि त्याने नाही दिले तर गाडीचा विमा आहेच की! यातले पहिले उत्तर अर्धवट आहे, दुसरे साफ खोटे. या दोन उत्तरांच्या भरवशावर इचलकरंजीचा यंत्रमागधारक, नाशिकची शेतकरी उत्पादक कंपनी, सांगलीचा बेदाणा व्यापारी आणि बोईसरचा छोटा रसायन उद्योजक रोज लाखोंचा माल रस्त्यावर आणि समुद्रात सोडतो आहे.

खोटे उत्तर आधी निकालात काढू. ट्रकचा विमा ट्रकचा असतो. कायद्याने सक्तीचा केलेला तृतीय पक्ष विमा त्या गाडीमुळे इतरांच्या जिवाला आणि मालमत्तेला होणाऱ्या हानीसाठी आहे. मोटार वाहन कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत प्रवास करणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी या संरक्षणात आला. पण आला तो माणूस. माल बाहेरच राहिला. खंबाटकी घाटात गाडी उलटली तर केबिनमध्ये बसलेल्या व्यापाऱ्याच्या मोडलेल्या हाडाची भरपाई या विम्यातून मिळू शकेल, मागच्या पोत्यांची नाही. गाडीमालकाने ‘फुल इन्शुरन्स’ काढला असला तरी तो त्याच्या गाडीपुरताच. आणि उलटलेल्या ट्रकमधला माल आसपासचे लोक कसे उचलून नेतात, हे महामार्गालगतच्या गावांना नव्याने सांगायला नको.

आता ट्रान्सपोर्टवाल्याकडे येऊ. बिल्टीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ओनर्स रिस्क’ असे छापलेले असते. ते कोणी वाचत नाही, आणि वाचलेच तर ‘असे काही चालत नाही, कोर्टात टिकणार नाही’ म्हणून सोडून देतो. त्यात काही अंशी तथ्य आहे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी ठरवून दिली आहे. माल गहाळ झाला तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझेही मालकावर नाही. मात्र याच कायद्याने आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांनी या जबाबदारीला कमाल मर्यादाही घातली आहे. जादा जोखमीचा दर भरून माल बुक केला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. समजा, इचलकरंजीहून दिल्लीला पाच लाखांच्या कापडाच्या गाठी पार्ट लोडमध्ये पाठवल्या आणि भाडे पडले सहा हजार. त्या गाठी वाटेत जळाल्या तर कायद्याने मिळणार जास्तीत जास्त साठ हजार. उरलेले चार लाख चाळीस हजार कोणाचे, याचे उत्तर बिल्टीने आधीच देऊन ठेवलेले असते. त्यातही नैसर्गिक आपत्ती, दंगल, सरकारी बंदी अशा कारणांनी नुकसान झाले तर वाहतूकदाराला सूट आहे. आणि माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही, तर ते साठ हजारही गेले. ‘सेठ, बघू, मिटवून टाकू’ असे म्हणत वाहतूकदार पाच महिने काढतो आणि व्यापारी जुन्या संबंधांखातर गप्प बसतो. सहावा महिना उलटला की मिटवायला काही उरतच नाही.

समुद्रात तर वाहतूकदाराची जबाबदारी अधिकच पोकळ होते. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावाशेव्याकडे निघालेल्या ‘वान हाय ५०३’ या जहाजाला केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आग लागली. जहाजावर सतराशेहून अधिक कंटेनर होते. त्याच्या पंधरवडाभर आधी, २५ मे रोजी, ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह कोचीजवळ बुडाले होते. मुंबईकरांना तर लांब जायचीही गरज नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर बंदराच्या तोंडाशीच झाली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि मुंबई व न्हावाशेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली. अशा प्रसंगी आयातदार जहाज कंपनीकडे धाव घेतो आणि तिथे त्याला एक विचित्र कायदा भेटतो. जगभर चालणाऱ्या हेग-व्हिस्बी नियमांनुसार कप्तानाने जहाज हाकण्यात चूक केली तर माल वाहणारी कंपनी जबाबदार नाही. कंपनीचा स्वतःचा दोष सिद्ध होत नसेल तर आगीलाही ती जबाबदार नाही. वादळ आणि युद्ध यांची सूट आहेच. आपला १९२५ चा समुद्रमार्गे मालवाहतुकीचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, पण साचा तोच राहिला. सगळे अडथळे पार करून दावा टिकलाच, तर मर्यादा आहे नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे दोन एसडीआर, यांतली जी रक्कम मोठी असेल ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. रुपयांत ही मर्यादा एका नगामागे ढोबळमानाने पाऊण लाखाच्या आसपास पडते. औषधाच्या कच्च्या मालाचा अडीच लाखांचा एक ड्रम म्हणजे एक नग. दावा लावण्याची मुदत एक वर्ष.

इथवरचे निदान समजण्यासारखे आहे: माल गेला, पैसे बुडाले. यापुढे आहे ते ऐकून अनेक जुने आयातदारही चक्रावतात. तुमचा माल सुखरूप आहे, कंटेनरवर ओरखडाही नाही, तरीही तो हवा असेल तर आधी पैसे भरा, अशी नोटीस येऊ शकते. याला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. ही चाल हजारो वर्षांची जुनी आहे आणि आज ती यॉर्क-अँटवर्प नियमांनी चालते. जहाज आणि त्यावरचा सगळा माल एकाच संकटात सापडला आणि सर्वांना वाचवण्यासाठी काही माल मुद्दाम फेकावा लागला, आग विझवावी लागली, ओढून नेणारी जहाजे बोलवावी लागली, तर तो खर्च सर्वांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ या जहाजाला आग लागली, त्यात पाच खलाशी गेले. त्यानंतर ज्यांचा माल वाचला त्यांच्याकडे मालाच्या किमतीच्या ५४ टक्के रकमेची हमी मागण्यात आली: बचावकार्यासाठी ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजपोटी ११.५ टक्के. म्हणजे कोटीचा माल सोडवायला ५४ लाख. विमा असलेल्याची हमी त्याची विमा कंपनी देते, आणि त्याने एक सही केली की काम होते. विमा नसलेल्याला रोख रक्कम ठेवावी लागते, आणि हिशेब पुरा होऊन तिचा निकाल लागायला वर्षे जातात. २०२१ मध्ये सुएझमध्ये आडवे झालेल्या ‘एव्हर गिव्हन’वर सुमारे १८ हजार कंटेनर होते. त्या जहाजाच्या मालकांनीही जनरल ॲव्हरेज जाहीर केले होते. मालवाहू विम्याचे इतर सगळे फायदे बाजूला ठेवले तरी समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्याने विमा काढावा, यासाठी आम्हाला हे एकच कारण पुरेसे वाटते.

‘आम्ही एफओबीवर विकतो, विमा खरेदीदाराचा’ हे निर्यातदारांचे आवडते वाक्य. पण कारखान्यापासून जहाजावर माल चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याचीच असते. कळंबोलीच्या वळणावर कंटेनर उलटला तर रॉटरडॅमचा खरेदीदार त्याचा वाली नाही. आयातदाराची चूक उलट्या बाजूची. ‘सीआयएफ’ म्हणजे विक्रेत्याने विमा काढला आहे, एवढ्यावर तो निर्धास्त असतो. आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या इन्कोटर्म्सच्या नियमांनुसार सीआयएफमध्ये विक्रेत्याला किमान संरक्षणाचा, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘सी’चा, विमा काढला तरी पुरते. त्यात आग, जहाज बुडणे, टक्कर असे ठळक धोके येतात. चोरी येत नाही, समुद्राचे पाणी आत शिरून झालेले नुकसान येत नाही. कंटेनर उघडल्यावर अर्धे खोके गायब दिसले की मग कळते, आपल्या विम्यात नेमके तेवढेच नव्हते.

विमा असूनही माणूस बुडतो तो असा, आणि इशारा द्यायचा तर यासाठीही द्यायला हवा. विमा काढला एवढ्याने भागत नाही. देशांतर्गत वाहतुकीच्या सर्वांत स्वस्त प्रकारात आग आणि वीज यांच्या पलीकडे फारसे काही नसते. आणि सर्वांत महागड्या, ‘ऑल रिस्क’ म्हणवणाऱ्या पॉलिसीतही उशिरामुळे झालेले नुकसान धरत नाहीत, मालाच्या अंगच्या गुणाने झालेली नासाडी धरत नाहीत, कच्चे पॅकिंग धरत नाहीत. शिरोलीला आठवडाभर अडकून भाजी सडली असेल तर ‘ऑल रिस्क’वाल्यालाही हात हलवत परतावे लागेल. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजे लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशिकच्या द्राक्षांचा युरोपचा प्रवास त्यामुळे लांबला आणि माल उतरला तेव्हा त्याची टवटवी गेली असेल, तर तोही उशीरच. रीफर, म्हणजे शीत कंटेनरचे यंत्र बंद पडण्याचे संरक्षण वेगळ्या कलमाने मागून घ्यावे लागते. युद्ध आणि संप यांचेही तसेच. शिवाय युद्धाचे संरक्षण विमा कंपनी सात दिवसांच्या नोटिशीने काढून घेऊ शकते. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली तेव्हा अडकलेल्या कांद्याला तर कोणताच मालवाहू विमा वाली नव्हता, आणि ते खापर विमा कंपनीवर फोडता येणार नाही.

मग हप्ता वाचवण्यासाठी दहा लाखांचा माल पाच लाखांचा दाखवणारे आहेतच. त्यांचे एक लाखाचे नुकसान झाले तर मिळतात पन्नास हजार, कारण उरलेल्या अर्ध्याचे विमाकर्ते ते स्वतःच ठरतात. साध्या मालाला हा विमा शेकडा काही पैशांत मिळतो, तिथे एवढी दात कोरून पोट भरण्याची धडपड कशासाठी? वर जीएसटीचा फटका आहे: हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावरचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. विम्याची रक्कम ठरवताना हा कर जमेस धरणारा व्यापारी विरळाच.

विमा कंपन्यांचीही बाजू स्वच्छ नाही. पॉलिसीची कलमे इंग्रजीत असतात आणि एजंट ती समजावून देत नाही, कारण त्यालाही ती नीट ठाऊक नसतात. नुकसान झाल्यावर सर्व्हेअर वेळेत पोहोचत नाही, आणि पोहोचला की पहिला प्रश्न पॅकिंगचा काढतो. दावा नाकारल्याची एक कहाणी बाजारपेठेत दहा व्यापाऱ्यांना विम्यापासून दूर ठेवते. यातले अनेक दावे माल ताब्यात घेताना पोचपावतीवर नुकसानीचा शेरा न मारल्याने आणि वाहतूकदाराला वेळेत नोटीस न दिल्याने कमजोर होतात. विमा कंपनी भरपाई देते ती पुढे वाहतूकदाराकडून वसूल करण्याचा हक्क घेऊन. तो हक्कच व्यापाऱ्याने घालवला तर ती हात आखडता घेणारच. पण ही गोष्ट पॉलिसी विकताना मराठीत, दोन ओळींत सांगायला काय हरकत होती?

मालाचा विमा सक्तीचा करा, अशी मागणी अधूनमधून होते. आम्हाला ती पटत नाही. सक्ती झाली की विमा म्हणजे आणखी एक शिक्का होईल, सर्वांत स्वस्त पॉलिसी फाइलला लागेल आणि नुकसानीच्या दिवशी ती कोरीच निघेल. सक्ती करायचीच तर माहितीची करा. आज आंतरराज्य वाहतुकीत ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. त्यात मालाची किंमत असते, गाडीचा क्रमांक असतो. त्यातच मालाचा विमा आहे की नाही, एवढा एक रकाना वाढवता येईल. बिल्टीवर भाड्याच्या दहापटीची मर्यादा रुपयांत, मराठीत आणि ठळक अक्षरांत छापण्याची अट घालता येईल. सहा हजार भाड्याच्या बिल्टीवर ‘या मालाची कमाल भरपाई ६०,००० रुपये’ असे छापलेले पाहून पाच लाखांचा माल तसाच पाठवणारे किती उरतील? बाजार समित्या, यंत्रमाग संघटना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे महासंघ सभासदांसाठी वर्षभराची खुली पॉलिसी एकत्रित घासाघीस करून मिळवू शकतात. एकट्या व्यापाऱ्याला न मिळणारा दर आणि न मिळणारी कलमे संघटनेला मिळतात.

पालघरजवळ वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटींचे बंदर उभे राहत आहे, त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. खोली किती, धक्के किती, कंटेनर किती, याचे आकडे मंत्री सभांतून सांगतात. त्या कंटेनरांत महाराष्ट्राचा जो माल जाईल, त्यातला किती विम्याखाली असेल, हे राज्याच्या उद्योग खात्याने आताच मोजायला घ्यावे. आणि द्राक्ष निर्यातदारांना तर तेवढी वाट पाहण्याचीही सवड नाही. जानेवारीत पहिले रीफर भरायला लागतील. त्याआधी पॉलिसीत यंत्र बंद पडण्याचे कलम आहे का आणि युद्धाचे संरक्षण चालू आहे का, हे दोन प्रश्न विमा कंपनीला लेखी विचारून उत्तरही लेखीच घ्यावे.