उडत्या माशांच्या वतीने

आमच्या शाखेत मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. संध्याकाळी कॅशमध्ये शंभर रुपये कमी भरले तरी मी आवाज चढवत नाही. मुकाट्याने खिशातले घालतो आणि घरी जाऊन आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार करतो. पण गेल्या आठवड्यात बोईसरहून पालघरला जाताना मी भांडलो, आणि उभ्याने भांडलो. (बसायला जागा नव्हती.) भांडण माशांवरून झालं. मासे म्हणजे भावाचे नव्हेत, उडणारे.

आमच्या गाडीतल्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत. जगातल्या सर्व सिनेमांबद्दल त्यांना मत असतं, म्हणून आम्ही त्यांना ‘समीक्षक’ म्हणतो. ते फोनवर एका सिनेमाचा तुकडा दाखवून डबा हसवत होते. ‘पिरान्हा टू : द स्पॉनिंग’. १९८१-८२ चा. पंख फुटलेले रबरी मासे समुद्रातून भुर्रकन उठतात आणि माणसांच्या मानेला चावतात. डबा खो-खो हसत होता. मी म्हणालो, “यात हसण्यासारखं काय आहे?” यावर डबा माझ्याकडे बघून हसला.

आता मला मान्य करू द्या. सिनेमा फसलेला आहे. पिरान्हा हा गोड्या पाण्यातला मासा, तो खाऱ्या समुद्रात काय करतो, हे एखाद्या शाळकरी पोरानेही विचारावं. सिनेमावाल्यांचं उत्तर असं, की लष्कराने प्रयोगशाळेत पिरान्हाचा इतर माशांशी संकर केला. (पहिल्या भागात, १९७८ साली, हेच मासे व्हिएतनामच्या नद्यांसाठी बनवले होते. तिथलं युद्ध संपलं, माल शिल्लक राहिला. शिल्लक मालाचं काय होतं हे मी कॉमर्सचा पदवीधर असल्याने सांगू शकतो : तो खपवला जातो.) हॉटेलातली अर्धी पात्रं कशाला आली आहेत ते कळत नाही, आणि शवागारात प्रेताच्या पोटातून मासा उडतो तेव्हा प्रेतालाच संकोच वाटत असावा. हे सगळं कबूल. पण हसणारे ज्याला हसतात ते सिनेमाचं दारिद्र्य आहे, आणि माझं भांडण तिथे आहे.

मी हा सिनेमा पाहिला तो बोईसरच्या आमच्या चाळीत, १९९० च्या सुमारास, दिवाळीच्या सुट्टीत. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणलेल्या. दोन हिंदी, आणि तिसरी लायब्ररीवाल्याने “ही पण न्या, इंग्लिश आहे” म्हणून गळ्यात मारलेली. पहिल्या दोन संपेपर्यंत रात्रीचा एक वाजला. तिसरी लावली तर पडद्यावर नुसते पट्टे. कोणीतरी पाच रुपयांची कोरी नोट हेडवर फिरवली. मग पट्टे थोडे कमी झाले आणि मासे थोडे दिसू लागले. कुठला पट्टा आणि कुठला मासा हे शेवटपर्यंत नक्की झालं नाही, पण भीती मात्र दोन्हींची वाटत होती. मध्येच वीज गेली. चार कोसांवर १९६९ पासून अणुवीज तयार होते, तरी आमच्या चाळीत मेणबत्ती लावून आम्ही मासे परत यायची वाट पाहत बसलो!

त्या रात्री आमच्याकडे सातपाटीच्या मावशी मुक्कामाला होत्या. रोज पाटी घेऊन यायच्या, त्या दिवशी गाडी चुकली होती. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पहिला मासा उडाला तेव्हा आम्ही पोरं किंचाळलो. मावशींनी तो निरखून पाहिला आणि “काटा लय असंल,” एवढंच म्हणाल्या. पुढे एक प्रसंग येतो. पाण्यात बुड्या मारायला शिकवणारी बाई हॉटेलच्या मॅनेजरला सांगायला जाते, की समुद्रात काहीतरी भयंकर आहे, किनाऱ्यावरची माशांची जत्रा बंद करा. मॅनेजर गोड हसतो. आमच्यापैकी कोणाला एक शब्द कळला नाही. मावशी म्हणाल्या, “तो नाय ऐकायचा. त्याची गिऱ्हाईकं आलीत ना.”

समीक्षक गेली चाळीस वर्षं या सिनेमावर लिहिताहेत. एवढं नेमकं कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

कारण सिनेमा त्याबद्दलच आहे. सरकारी माणसं पाण्यात काहीतरी टाकतात, आणि ज्याला पाणी कळतं त्याचं कोणी ऐकत नाही. हे आमच्या भागात ‘विज्ञानकथा’ म्हणून खपायला जरा कठीणच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात औद्योगिक वसाहतींमध्ये तारापूरने ९३.६९ गुण मिळवून देशात पहिला नंबर पटकावला. शंभरपैकी! अकाउंट्समध्ये मला एवढे गुण कधी पडले नाहीत. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जातं. मच्छीमारांनी अर्ज केले, मोर्चे काढले, आणि २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. आमच्या माशांना पंख फुटले नाहीत, एवढाच काय तो सिनेमात आणि आमच्यात फरक. आमचे मासे नुसते कमी झाले. (सगळा दोष सांडपाण्याचा नाही, पापलेटची पिल्लंसुद्धा जाळ्यात ओढली जातात, हे सातपाटीचेच लोक सांगतात.) २०२३ साली पापलेटला ‘राज्य मासा’ करण्यात आलं. आपल्याकडे सत्कार कधी होतो हे आपणास ठाऊक आहेच.

मी समीक्षकांना विचारलं, “‘टायटॅनिक’ पाहून तुम्ही रडलात ना?” ते म्हणाले, “दोनदा.” म्हटलं, तोही त्याच दिग्दर्शकाचा. जेम्स कॅमेरॉन. पुढे हिमनग आहेत म्हणून तारा येतात, बोट वेग कमी करत नाही. तिथेही मॅनेजरच गोड हसतो, फक्त कपडे भारी. हिमनगाचं ऐकलं नाही की शोकांतिका, आणि माशांचं ऐकलं नाही की विनोद, हा हिशेब कुठल्या खात्यात बसतो? १९९७ साली त्याच्याजवळ पैसा होता. जमैकात उडते मासे करताना तो नवखा पोरगा होता. चित्रीकरण चालू असतानाच निर्मात्याने सिनेमा हातातून काढून घेतला, असं तो स्वतः सांगतो. नाव मात्र त्याचंच ठेवलं. काम साहेबाचं, सही क्लार्कची! बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाने तरी त्याला हसू नये. त्याच दिवसांत रोममध्ये तापाने फणफणला असताना त्याला आगीतून चालत येणारा लोखंडी माणूस स्वप्नात दिसला, आणि त्यातून १९८४ चा ‘टर्मिनेटर’ झाला.

“पण दुसरा भाग कधीच चांगला नसतो,” समीक्षक म्हणाले. हे मात्र मला लागलं. मी घरातला दुसरा मुलगा. थोरल्याचे कपडे, थोरल्याची पुस्तकं, थोरल्याच्याच चपला. माझं बजेट पहिल्यापासून कमी. आमचा जिल्हासुद्धा दुसरा भागच : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून काढलेला. शिवाय ‘एलियन्स’ आणि ‘टर्मिनेटर टू’ हे दुसरे भाग कोणी केले? त्याच कॅमेरॉनने. समीक्षक म्हणाले, “ते अपवाद.” तेवढ्यात पालघर आलं.

मावशी आता नाहीत. त्यांचा नातू परवा माझ्या काउंटरवर आला होता. आजोबांची बोट विकून टेम्पो घ्यायचा आहे, कर्जाचा फॉर्म हवा होता. ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं म्हणून बराच वेळ पेन धरून बसला. मी म्हटलं, “अरे, मासेमारी लिही ना.” तो म्हणाला, “काका, मग हप्ता कसा भरणार म्हणून विचारतील.” मी त्याला ‘वाहतूक’ लिहायला सांगितलं.

समीक्षकांना मी येत्या रविवारी घरी बोलावलं आहे. सिनेमा पुरा दाखवणार आहे, मॅनेजरच्या प्रसंगाला दोनदा थांबवून. त्यांनी विचारलं, जेवायला काय? म्हटलं, बोंबील. मिळाले तर.