खेळाचे यंत्र आणि खर्चाची मर्यादा

संगणकावर खेळ खेळण्यासाठी घरातील मुलाने यंत्र मागितले, की आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी बहुधा दोनच उत्तरे देतात. एक तर साफ नकार. नाही तर झगझगीत दुकानातून तयार यंत्र उचलून आणणे. ही दोन्ही उत्तरे व्यापाऱ्यास शोभणारी नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. रकमेची मर्यादा वडिलांनी घालावी आणि सुटे भाग पारखून, भाव काढून यंत्र जोडण्याचे काम मुलावर सोपवावे. परिग्रहपरिमाण व्रताविषयी आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. मर्यादा आधी, वस्तू मागून, हाच त्याचा क्रम नव्हे काय?

नकार देणाऱ्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. यशोधर राजाने खरा नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी त्याचे फळ त्यास अनेक जन्म भोगावे लागले, ही कथा तेराव्या शतकातील कन्नड जैन कवी जन्न याने आपल्याच प्रांताच्या भाषेत सांगितली आहे. मग पडद्यावर माणसे टिपण्याचा खेळ निर्दोष कसा म्हणावा? परंतु दोष तेथे खेळाच्या निवडीचा आहे, यंत्राचा नव्हे. मोटारींच्या शर्यती, क्रिकेट, फुटबॉल, नगरे वसविणे असे खेळही त्याच यंत्रावर चालतात, आणि महाविद्यालयाची रेखाचित्रेही. पैसे लावून खेळणे हे तर सप्तव्यसनांतील पहिलेच व्यसन. 2025 च्या केंद्रीय कायद्याने तशा ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली आहे.

आता हिशेब. आमच्या नातवास पडद्यासह चाळीस हजारांची मर्यादा घातली होती. एवढ्यात बसायचे तर प्रारंभी वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊच नये. एएमडी कंपनीचा 2021 साली आलेला राइझेन 5 5600जी हा प्रोसेसर असा आहे, की चित्र उमटविण्याची शक्ती त्याच्या पोटातच आहे. त्यासाठी लागणारी स्मृती मात्र तो रॅममधून उसनी घेतो. म्हणून सोळा जीबीची एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन दरवाजांच्या वखारीतून माल लवकर बाहेर पडतो, तसाच हा प्रकार. मदरबोर्ड बी-550 जातीचा व चार पट्ट्यांची जागा असलेला घेतला, म्हणजे पुढे पट्ट्याही वाढविता येतात आणि कार्डही बसविता येते.

वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसवर मात्र काटकसर करू नये. पेटीबरोबर जवळजवळ फुकट मिळणारा, नाव-गाव नसलेला एसएमपीएस बिघडला, तर तो शेजारचे महागडे भागही घेऊन जाऊ शकतो. '80 प्लस' ही खूण असलेला, नामांकित कंपनीचा 500 वॅटचा पुरे. वर सांगितलेला प्रोसेसर 65 वॅटचा, पुढे घ्यावयाचे आरएक्स 6600 सारखे कार्ड 132 वॅटचे. बेरीज करून पाहावी, म्हणजे 850 वॅटचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्यास उत्तर देता येईल. पेटीतील रंगीत दिव्यांनी वेग तसूभरही वाढत नाही. ते पैसे एसएसडीत घालावेत.

या मालासही तेजीमंदी आहे, आणि ती आपणांस मुलांपेक्षा अधिक कळते. 2021 मध्ये आभासी चलन काढणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डे उचलली व भाव भडकले. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या चलनाची रीत बदलताच तीच वापरलेली कार्डे बाजारात आली. 2025 च्या अखेरीस रॅमची तेजी झाली, कारण उत्पादकांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठाल्या केंद्रांकडे वळविला. तेजीत गरजेपुरतेच घ्यावे. जुने कार्ड घ्यावयाचे तर अर्धा तास जड खेळ चालवून, ते तापून बंद पडते की काय हे पाहावे. पोत्यात सळई खुपसून नमुना काढल्यावाचून आपण धान्य घेतो काय?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड व बंगळूरचा एस. पी. रोड येथील भाव मुलाने मागवावेत आणि त्यांशेजारी आपल्या गावातील भाव लिहावा. शे-दोनशेच्या फरकासाठी गावचे दुकान सोडू नये. भाग बिघडल्यास दारात उभे राहता येते. पक्के बिल मात्र घ्यावेच, कारण वॉरंटीच्या वेळी तेच दाखवावे लागते.

बिलाचीच एक गोष्ट थोडी कटू वाटेल, पण लिहितो. या भागांवर 18 टक्के जी.एस.टी. आहे, आणि तो वाचविण्यासाठी पेढीच्या क्रमांकावर बिल करून त्याचे क्रेडिट घेण्याचा सल्ला देणारे आपल्यांतही आहेत. घरगुती वापराच्या वस्तूवर असे क्रेडिट 2017 च्या कायद्याने मिळत नाही. शिवाय जो मुलगा हे सारे भाव स्वतः लिहून काढतो, तो ते बिलही वाचतो. बिल घरच्या नावाने करावे, आणि पैसे पेढीतून दिले असतील तर ती रक्कम मालकाच्या खाती उचल म्हणून नावे टाकावी.