एका मित्राचा दाखला

परभणीत काही अघटित घडले की शांतता समितीच्या बैठकीत कोणीतरी हटकून उठतो आणि सांगतो, ‘माझा तर जिवलग मित्रच मुसलमान आहे.’ प्रसंग बदलला की ‘मुसलमान’च्या जागी ‘बौद्ध’ येतो, एवढाच फरक. या एका मित्राच्या दाखल्यावर आमचा सुशिक्षित वर्ग स्वतःला निर्दोष ठरवून घेतो. आमचा आक्षेप त्या दाखल्याला आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. अटकेतील विधी शाखेचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. बंदच्या संध्याकाळी आम्ही तिघांनी, एकमेकांना न कळवता, एकाच बौद्ध सहकाऱ्याला फोन केला. ‘सर, तिकडे वातावरण कसे आहे? उद्या निघावे का?’ तुमच्या घरचे सुखरूप आहेत ना, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही. पुढे त्यांनीच ते हसत हसत लक्षात आणून दिले. आमच्या लेखी मित्र म्हणजे हवामान खाते झाला होता.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच बजावले होते की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह ओसरत नाहीत. बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थांचे पाठबळ लागते. आम्ही त्यात संख्येची भर घालू. ज्याच्या परिचयात एकच ‘वेगळा’ माणूस असतो, तो त्याला अपवाद ठरवून मोकळा होतो: ‘हा तसा नाही.’ उरलेल्या वस्तीची भीती जशीच्या तशी शिल्लक राहते. मित्र आठ-दहा असतील, त्यांत भांडखोर, कंजूष, विनोदी असे सगळेच असतील, तर अपवादाची सोय उरत नाही आणि त्या गल्लीतून जाताना पाऊलही अडखळत नाही. आणि सुरक्षिततेची भावना केवळ आमचीच का मोजावी? वर्गात एकटाच असलेल्या मुलाला एका मित्राच्या भरवशावर किती निर्धास्त वाटणार?

यावर कोणी जनाबाईच्या गंगाखेडचे नाव घेईल, तुराबुल हक शाहांच्या उरुसाची गर्दी दाखवील. ती गर्दी खरी आहे, आम्हीही तिच्यात असतो. पण गर्दीत खांद्याला खांदा लागतो, ताटाला ताट लागत नाही. २१ नोव्हेंबर २००३ रोजी याच शहरात मोहंमदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. त्याआधी, जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. त्या गावांतही बांधावरची मैत्री असणारच. पण पाणी वरून ओतले जात असेल तर ऑलपोर्टची पहिलीच अट तिथे मोडलेली होती.

आम्ही मराठीचे अध्यापक यात नामानिराळे नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ आणि प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. त्यांवर दहा गुणांची टीप लिहून विद्यार्थी उत्तीर्ण होतात आणि वर्गमित्राच्या घरी कधी जेवलेले नसतात. प्रकल्पाचे गट विद्यार्थीच करतात. यादीवरची आडनावे वाचली की कोणता गट कोणत्या वस्तीतला हे सांगता येते. त्या यादीखाली सही आमची असते.