जुनं घर जातं कुठे?

बँकेच्या नोकरीत बरीच वर्षं मी घरकर्जाच्या टेबलावर होतो. कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने सुटायची. जोतं झालं की इतकी, स्लॅब पडला की इतकी, प्लास्टर झालं की उरलेली. पाहणीला गेलो की भिंती बघायचो, खांब मोजायचो आणि कोपऱ्यातला राडारोड्याचा ढीग ओलांडून परत यायचो. त्या ढिगाला कोणत्याच कागदावर जागा नव्हती.

पुण्यातली आमची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली, तेव्हाही हेच झालं. वाढीव जागा, भाडं, पार्किंग यांवर वर्षभर सभा गाजल्या. पाडलेली इमारत जाणार कुठे, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पुढे एका सकाळी नदीकाठी फिरताना ताज्या ढिगाऱ्यात पिवळी फरशी दिसली. सौ. म्हणाली, "ही आपल्या ओट्यामागची." आमचीच होती का, देव जाणे, पण मान खाली गेली.

कायदा नाही असं नाही. २०१६च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं, की दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन राडारोडा निघणार असेल, तर काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे वाटे जागेवरच वेगळे करा, कामाआधी आराखडा मंजूर करून घ्या. २०२५मध्ये नवे नियम जाहीर झाले. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांत पुनर्वापराची जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आहे. आपल्या वीस-पंचवीस बिऱ्हाडांच्या सोसायट्या त्या मापात बसत नाहीत.

खरी गोम हिशेबात आहे. लोखंड, दारं, खिडक्या यांना गिऱ्हाईक असतं. विटा-काँक्रीटला नसतं. डंपरला पैसे खेपेवर. खेप जितकी जवळ, तितका फायदा. मग नदीचं पात्र सगळ्यांत जवळचं! नफा एकाच्या खात्यात जमा, आणि पात्र अरुंद होऊन पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी दुसऱ्याच्या नावे.

वास्तविक हा माल टाकाऊ नाही. दिल्लीत बुराडीला २००९पासून तो दळून खडी-वाळू केली जाते. भारतीय मानक ३८३ने २०१६ साली अशा खडीला साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, तर एम-२५पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली. अट एकच, माल निवडलेला हवा. त्यात थर्मोकोल, प्लास्टर ऑफ पॅरिस, प्लास्टिक कालवलं, की त्याची खडी होत नाही.

म्हणून करारनाम्यात एक कलम घाला. राडारोडा कुठे जाणार ते लिहून घ्या, आणि तिथल्या वजनकाट्याच्या पावत्या दिसेपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवा. बँकांनीही पुढचा हप्ता सोडताना त्या पावत्या मागाव्यात. आमच्या काळी मी मागायला हव्या होत्या.

आणि न्हाणीघराच्या फरश्या बदलल्यावर पोती रात्री कोपऱ्यावर ठेवून येणारे तुम्हीआम्हीच असतो. तो ढीगही आपल्याच नावावर असतो.