गव्हावाचून ताट अडत नाही

संपादक महोदय,

ग्लूटेन वर्ज्य असलेल्या सीलिअॅक रुग्णांचा स्वयंपाक महागडा, वेळखाऊ आणि एकसुरी असतो, हे आपल्या लेखातील मत साफ अमान्य. ग्लूटेन गहू, जव, राय यांत असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरईत नाही. मग परदेशी पाकिटे कशाला? ताकात कालवलेले ज्वारीचे पीठ लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतून ढवळले, दणदणीत वाफ आणली की उकड तयार. घावन, मुगाची धिरडीही झटपट होतात.

लेखात ‘हलका’ म्हणून सुचवलेला रवा गव्हाचाच असतो! खरा धोका मात्र लेखात आलाच नाही: डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि गव्हामागून दळलेल्या ज्वारीतही ते मिसळते. वेष्टन वाचा, दळण घरीच दळा. रव्याबाबतची दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

— एका सीलिअॅक मुलीची आई, सोलापूर