स्वयंपाकघरातला सूर्य

नात्यातल्या घरून दोन मोलकरणी आल्या होत्या. तेवढ्यासाठी पाच वर्षांच्या एका मुलीला चार दिवस गच्चीलगतच्या खोलीत लपून राहावं लागलं. आल्या होत्या त्या बायाच, पण परक्या. परक्या बाईच्याही नजरेला पडायचं नाही, असा त्या घरचा पडदा. पहाटे आया तिला कडेवर घेऊन वर नेऊन ठेवायची. तिच्याच वयाचा भाचा अधूनमधून जाऊन तिला काही खायला-प्यायला देई.

ही मुलगी म्हणजे रुकैया सखावत हुसेन. जन्म 1880 चा, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी, जमीनदाराच्या घरात. वडिलांना अनेक भाषा येत. मुलींच्या वाट्याला मात्र कुराण वाचण्यापुरती अरबी आणि थोडीफार उर्दू. वडील झोपले की मोठा भाऊ मेणबत्ती लावून तिला इंग्रजी शिकवायचा. त्या इंग्रजीत तिने पुढे एक गोष्ट लिहिली, ‘सुलतानाज ड्रीम’, सुलतानाचं स्वप्न. 1905 साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानकथांत तिची गणना होते. बायकांचं राज्य कल्पिणारी शार्लट पर्किन्स गिलमनची अमेरिकन कादंबरी ‘हरलँड’ यायला त्यानंतर दहा वर्षं लागली.

या स्तंभात मी शाळांबद्दल लिहिते. विज्ञानकथेला आज जागा देते आहे, कारण या गोष्टीचं खरं नातं शाळेशी आहे, आणि आपण ती मुलांपर्यंत पोचवलेली नाही याचं मला वाईट वाटतं.

गोष्ट तशी लहानशी. आरामखुर्चीत डुलकी लागलेल्या सुलतानाला सारा नावाची मैत्रीण एका अनोळखी नगरात घेऊन जाते. रस्त्यावर सगळ्या बायका, मोकळ्या तोंडाने हिंडणाऱ्या. पुरुष दिसतच नाहीत; ते घरात, ‘मर्दान्या’त बंद. मुलंबाळं सांभाळतात, रांधतात. प्रवास विजेवर उडणाऱ्या हवाई गाडीतून. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण 1903 च्या डिसेंबरात झालं होतं; लग्नानंतर भागलपूरला पडद्याआड राहणाऱ्या रुकैया तोवर कुठल्याही विमानाजवळ जाणं शक्यच नव्हतं.

गोष्टीबद्दल बोलताना लोक बहुधा या अदलाबदलीपाशी थांबतात. पुरुष आत, बायका बाहेर. रुकैयांचे पती सखावत हुसेन भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. दौऱ्यावरून परतल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असं ते म्हणाले. त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. पण तोच शब्द गोष्टीला चिकटला आणि त्यातलं विज्ञान मागे पडलं.

मला त्या नगरातल्या दोन गोष्टींचं जास्त मोल वाटतं. एक पाणी, दुसरी चूल.

त्या देशाची राणी कायदा करते: सगळ्या मुलींनी शिकायचं, आणि एकविसाव्या वर्षाच्या आत लग्न नाही. मग बायकांची दोन विद्यापीठं उभी राहतात. एका विद्यापीठात हवेतलं पाणी ओढून घेणारा, नळ्या जोडलेला प्रचंड फुगा तयार होतो. दुसरं उन्हाची उष्णता साठवायचं तंत्र शोधतं. सुलताना सैपाकघरात जाते तर तिथे धूर नाही, धुराडं नाही. सगळं काम उन्हावर चालतं. त्या काळी देशात बायकांचं एकही विद्यापीठ नव्हतं. महर्षी कर्व्यांनी पुण्यात ते सुरू केलं 1916 साली. रुकैयांनी अकरा वर्षं आधी कागदावर दोन उभी केली, आणि त्यांत काय शोधलं जाईल हेही ठरवून टाकलं.

विज्ञानकथा म्हटलं की आपल्याला चंद्र आठवतो, मंगळ आठवतो. रुकैयांचं विज्ञान घागरीपासून आणि सरपणापासून सुरू होतं. हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या, फुंकणीने विस्तव फुंकत डोळे चोळणाऱ्या बाईला प्रयोगशाळा दिली तर ती आधी काय शोधेल, हा या गोष्टीमागचा प्रश्न आहे. त्या देशातले पुरुष तोवर लष्कर वाढवण्यात गढलेले असतात आणि बायकांच्या संशोधनाला ते खूळ ठरवतात. संशोधनाचा विषय कोण निवडतो, यावर पुढे जाडजूड पुस्तकं निघाली. पंचविशीतल्या या बाईने ते काही पानांत सांगितलं, तेही सहज, गप्पा मारल्यासारखं. पुरुषांचा कचेरीतला वेळ जातो कुठे, याचा तिचा हिशेब असा: एक चिरूट संपायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरात गेले. त्या नगरातल्या बायका दोन तासांत काम उरकतात.

सगळीच गोष्ट मला पटते असं नाही. पुरुष कोंडले की गुन्हे संपतात, हे मी मानत नाही. शेजारच्या राजाचं सैन्य चालून येतं तेव्हा विद्यापीठाची प्रमुख दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर जाते आणि साठवलेलं ऊन शत्रूवर सोडते. रांधायला शोधलेली उष्णता माणसं होरपळवायला वापरली जाते, तिथे मी दर वेळी अडखळते. लेखिका मात्र तिथे रेंगाळत नाही.

शेवटी हवाई गाडी सुटताच सुलताना तीतून घसरते आणि ती आपल्या खोलीत जागी होते. हे वाचलं की मला रुकैयांनी पुढे ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात सांगितलेला एक खरा प्रसंग आठवतो. नात्यातल्या एक मामेसासूबाई किऊल स्टेशनवर गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून रुळांवर पडल्या. उचलायला पुरुष धावले, तर दासीने त्यांना हात लावू दिला नाही. तिला एकटीला काही त्या उचलवेनात. गाडी थांबली, खोळंबली आणि अखेर सुटली. बाई गेल्या. स्वप्नातल्या गाडीतून पडलेली सुलताना निदान जागी तरी झाली.

रुकैयांचे पती 1909 मध्ये वारले. दोन मुली तान्ह्या असतानाच गेल्या होत्या. मुलींच्या शाळेसाठी पतींनी 10,000 रुपये बाजूला ठेवले होते. त्याच वर्षी रुकैयांनी भागलपूरला शाळा काढली, विद्यार्थिनी पाच. घरच्या भांडणांमुळे ते गाव सुटलं. 1911 च्या मार्चमध्ये कोलकात्याच्या एका गल्लीत त्यांनी ती पुन्हा सुरू केली, आठ मुलींवर. त्या घरोघरी जाऊन पालकांना विनवत. पडदा पाळूनच मुलींना ने-आण करू, असा शब्द देत.

तो शब्द पाळायला शाळेची मोटार आली ती चहूकडून बंद. आत अंधार, हवा नाही. मुली रडायच्या, ओकायच्या, काहींना भोवळ यायची. मग खिडक्यांना कापडी पडदे लावले. लगेच निनावी पत्रं आली: वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, हे बंद करा. जिने कथेत बायकांना आकाशातून फिरवलं, तिला शहरातल्या एका मोटारीचा पडदा किती इंच हलावा यावर लोकांची मनधरणी करावी लागली. तरीही 9 डिसेंबर 1932 ला मरण येईपर्यंत त्यांनी शाळा चालवली. आदल्या रात्रीही त्या स्त्रियांच्या हक्कांवर लिहीत बसल्या होत्या. त्यांची शाळा कोलकात्यात आजही भरते.

आपल्याकडे मुलींना एसटीचा मोफत पास आहे, आणि त्या पासाने कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्या हे मी पाहिलं आहे. पण गाडीची वेळ चुकली, शेवटची फेरी बंद झाली की मुलगी घरी बसते. विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी सूर्यचूल असते: काळा रंग दिलेला खोका, वर काच, झाकणाला आरसा. ती बनवतो मुलगा, आणि अक्षर चांगलं म्हणून तक्ता लिहिते मुलगी. तीस वर्षं विज्ञान शिकवताना हे माझ्याही वर्गात झालं, आणि मी ते वेळेत थांबवलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी नववीला ही गोष्ट मराठीत सांगितली आणि मुलींना कागद दिले. तुमचं विद्यापीठ असेल तर त्यात आधी काय शोधाल, ते लिहा. कुणी पाळीत पोट दुखू नये म्हणून औषध लिहिलं. कुणी रस्त्यावरचे न विझणारे दिवे. एक मुलगी आजीकडे राहून शिकायची, आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जात. तिने लिहिलं: ऊस तोडायचं असं यंत्र, की आईला कोयता धरावा लागणार नाही. त्याखाली ओळ सोडून, बारीक अक्षरात: मग आईबाबांना पैसे कोण देईल, तेही विद्यापीठानेच शोधायचं.