ऊन तेवढेच, पाणी मात्र खोल

वरूडच्या संत्रापट्ट्यात सौर पंप वाढले, तसा एक प्रश्न बांधावर हमखास ऐकू येतो. मे महिन्यात ऊन अंगाची लाही करते, मग पंप फेब्रुवारीपेक्षा जास्त पाणी का ओढत नाही? पंपात काही बिघाड नसतानाही असे होते.

पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. वातावरणाबाहेर एका चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. निरभ्र दुपारी जमिनीवर त्यातले १००० वॅटच्या आसपास पोचतात. तेवढ्याचीही पूर्ण वीज होत नाही. प्रकाशातल्या दुबळ्या कणांत सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकी ताकद नसते, ते वाया जातात. निळ्या प्रकाशाचे कण गरजेपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन येतात आणि वरची ऊर्जा पॅनल तापवण्यात जाते. विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर यांनी १९६१ मध्ये याचे गणित मांडले. एकाच पदार्थाच्या सेलला उन्हातला साधारण तिसरा हिस्साच मिळू शकतो, सिलिकॉनला तर २९ टक्क्यांच्या आसपास. बाजारातले चांगले पॅनल आज २० ते २२ टक्के देतात. म्हणजे कंपन्यांनी कितीही जाहिराती केल्या तरी सिलिकॉनमध्ये आता वाढीला फार जागा उरलेली नाही.

शिवाय पॅनलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. वऱ्हाडात हवा ४५ अंशांवर गेली की पॅनल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो. एवढ्यानेच १२ टक्क्यांहून अधिक वीज जाते. धुळीचा हिशेब वेगळा. पहाटे पॅनल थंड असताना साध्या पाण्याने धुतले तर तो तोटा बराच भरून निघतो आणि त्याला खर्चही नाही.

पण पंपाच्या वादात खरा आकडा कुणी काढत नाही, तो खोलीचा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे. त्याला ३००० वॅटचे पॅनल धरले, तर चांगल्या दिवशी उष्णता आणि धुळीचा तोटा वजा जाता १२ युनिट हाती येतात. हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, पंपातली घट धरून, अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. म्हणजे दिवसाला २२ हजार लिटर. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या एका एकरात संत्र्याची ११० झाडे असतात; झाडामागे २०० लिटर आले. पाणी २०० मीटरवर गेले की तेच ऊन, तेच पॅनल, आणि झाडामागे १०० लिटर.

वरूड आणि मोर्शी तालुके भूजलाच्या सरकारी नोंदींत अतिउपशाचे म्हणून आले आहेत. अशा ठिकाणी मोठ्या अश्वशक्तीची मागणी समजण्यासारखी असली तरी चुकीची आहे. दिवसा वीज मिळाल्याने रात्रीच्या अंधारात, सापकिरडाच्या भीतीत ओलिताला जाणे थांबते. हा लाभ लहान नाही आणि तो काढून घेण्याचे कारणही नाही. मात्र सौर पंपाला बिल नसते, त्यामुळे बटण बंद करायला हात पुढे येत नाही. दिवसभर उपसा चालतो आणि शेजारच्या बोअरचे पाणी उतरते.

म्हणून या पट्ट्यात पंपाबरोबर ठिबक आणि पुनर्भरणाची अट असावी. बोअरची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून अर्जासोबत जोडावी. मोठा पंप मंजूर करायचा की नाही, हे त्या दोन आकड्यांवर ठरावे.